दोन गुणांचा प्रश्न

तार्तूला दुसऱ्या वर्षी मेंदू हातात देतात.
ऊर्वेबाई म्हणतात, दोन्ही हात. ताटासारखे नाही, ओंजळीसारखे.
तो गार असतो, भिजलेल्या साबणासारखा,
आणि वाटलं होतं त्याहून जड,
आमच्याकडच्या काळ्या पावाएवढा.
हातमोज्यातून वास येत नाही,
पण मग दुपारी सफरचंदाला येतो.

चार नंबरच्या टेबलाशी आम्ही चौघं.
ओत्तने एक विनोद केला, कुणी हसलं नाही,
मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
हा माणूस कोण, ते सांगत नाहीत.
एक आकडा फक्त, आणि वय : एकाहत्तर.
एकाहत्तर वर्षं काय काय डोक्यात ठेवलं असेल याने,
उसनवारी, कुणाचं लागलेलं बोलणं,
नदीत पाय टेकतो ती जागा,
आणि आता सगळं एकाच रंगाचं,
घाईघाईत कपाटात कोंबलेल्या चादरीसारखं.

मला टाचणीचा लाल झेंडा लावायचा होता
डावीकडे, कपाळामागे, जरा खाली,
जिथून बोलणं निघतं.
मी तो बरोबर लावला.
हात थरथरला नाही, याचंच वाईट वाटलं.

*

कोल्क्याला, सरोवराकाठी, माझा तेरेंतीमामा
दोन हिवाळ्यांमागे बर्फाला भोक पाडता पाडता
नुसता खाली बसला.
गळाची दोरी हातातच होती.
इस्पितळातून आला तेव्हा
त्याच्यापाशी एकच शब्द शिल्लक होता : उद्या.

पाव हवा – उद्या.
कांद्याच्या माळा भिजतायत, आत घ्या – उद्या, उद्या!
पाय दुखतोय – उद्या.
मी बसमधून उतरले की फाटकातूनच
एक हात पसरून, दुसरा पसरायचा प्रयत्न करून –
उद्याऽऽ.

आधी सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे,
जणू गेले होते ते कानच.
अकुलीनामामी मात्र शब्द सोडून सूर ऐकायला शिकली.
तिला सतरा वेगवेगळे उद्या कळतात.
अठरावा कळत नाही.
तो दिवा मालवल्यावर येतो.

वर्गात हे एका ओळीत उरकलं :
काही रुग्णांत एकच उच्चार उरतो.
पुढच्या स्लाइडवर उंदीर होता.

*

रविवारी प्रार्थनाघरात बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे.
मेणाचा वास, म्हाताऱ्यांचे घसे.
आणि त्या सगळ्यांतून मला मामाचा आवाज ओळखू येतो,
स्तोत्र म्हणणारा,
पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत,
एकही शब्द गाळलेला नाही, अडखळलेला नाही,
जणू कुणी आतून दुसरंच दार उघडलंय
ज्याची किल्ली हरवायची राहून गेली.
स्तोत्र संपतं. दार लागतं.
पायरीवर तो मला टोपी दाखवून म्हणतो, उद्या.
मी ती त्याच्या डोक्यावर ठेवते.

*

परीक्षेत सातवा प्रश्न, दोन गुण :
या भागाला इजा झाल्यास काय नाहीसं होतं?
पुस्तकात होतं ते मी लिहिलं.
मग पेन थांबेना, समासात लिहिलं :
गाणं नाही जात. शिव्या नाही जात.
एकपासून दहापर्यंत आकडे, सुरुवात करून दिली तर, नाही जात.
रागावल्यावर बायकोचं नाव एकदा आलं होतं, नीट.

ऊर्वेबाईंनी हिरव्या पेन्सिलीने दोनपैकी दोन दिले.
समासाशी लिहिलं : हे विचारलेलं नाही.
आणि खाली, अगदी बारीक अक्षरात :
तुला कसं ठाऊक?

शुक्रवारी त्या प्रयोगशाळेत एकट्याच ट्रे धूत होत्या.
बाह्या वर केलेल्या. नळ चालू.
मान न वळवता म्हणाल्या, फेव्रोनिया, सांग ना.
मला घरची भाषा येते, इथली येते,
आणि परीक्षेपुरती तिसरी.
तिन्ही एकदम जिभेशी आल्या आणि तिथेच गर्दी झाली.
पावणेचारची बस होती.
मी म्हटलं, उद्या.

त्यांनी नळ बंद केला.
ओल्या हातांनी मला एक फडकं दिलं, ट्रे पुसायला.